मेद : शरीरातील एक बोलका अवयव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी साहित्य, इतिहास किंवा संतवाङ्मय यांवर बोलण्याची आपल्याकडे प्रथा आहे; आणि आम्ही आपल्यापुढे उभे आहोत ते चरबी हा विषय घेऊन. मंगल प्रसंगी हा शब्द उच्चारावा की नाही, असा कुणास संकोच वाटला तर त्यात नवल नाही. मराठीत या शब्दाला मानाचे स्थान नाहीच. एखादा माजला की त्याच्या अंगात चरबी आली असे आपण म्हणतो. तान्ह्या मुलाच्या अंगावरील त्याच चरबीला मात्र आपण कौतुकाने बाळसे म्हणतो, आणि बऱ्या स्थितीतल्या गृहस्थाचे पोट सुटले की ‘खात्यापित्या घरचे आहेत’ असे म्हणून त्यांना सांभाळून घेतो. कौतुक, थट्टा आणि तिरस्कार असे तीन सूर एकाच पदार्थाविषयी आपल्या बोलण्यात आहेत. परंतु या तिन्ही सुरांच्या मुळाशी गृहीत एकच : चरबी म्हणजे खाऊन साठलेला ऐवज, मुका, निष्क्रिय, जागा अडवून बसलेला.

हे गृहीत चुकीचे ठरून आता तीस वर्षे होऊन गेली. मेद मुका नाही. तो रक्तात रासायनिक संदेश सोडतो, ते मेंदूपर्यंत, यकृतापर्यंत, स्नायूंपर्यंत पोचतात, आणि भूक किती लागावी, साखर कशी जिरावी, यांवर त्यांचा अंमल चालतो. ही गोष्ट एकदा नीट समजली म्हणजे स्थूल माणसाकडे पाहण्याची आपली दृष्टी आणि सडपातळ माणसाची निर्धास्तपणाची समजूत, दोन्ही तपासून घ्याव्या लागतात. आजच्या भाषणाचा हेतू तेवढाच आहे.

आपल्या परंपरेत मेदाला सप्तधातूंमध्ये स्थान आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात लोकांनी निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या देहांचा एक स्वतंत्र अध्याय असून, त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचे विवेचन विस्ताराने केले आहे. स्थूल माणसाची भूक शमण्याऐवजी अधिकच पेटते, हे निरीक्षण तेथे आहे, आणि ते मार्मिक आहे. आजचे सगळे शास्त्र आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते, असा दावा मात्र आम्ही करणार नाही. निरीक्षण एक आणि कारणाचा शोध दुसरा. दुसऱ्यासाठी फार थांबावे लागले.

शरीरशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत मेदपेशींची बोळवण एखाद्या परिच्छेदात होत असे. तेलाचे बुधले भरून ठेवावेत तशा या पेशी; अन्न जास्त झाले की भरायच्या, कमी पडले की रित्या करायच्या. पण एक साधा हिशेब या समजुतीच्या आड येत होता. एखादा गृहस्थ दिवसाला सुमारे २,३०० कॅलरींचा आहार घेतो असे धरा. वर्षाची बेरीज ८ लाख ४० हजारांच्या आसपास जाते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. वर्षअखेरीस या गृहस्थाचे वजन अर्धा किलोच वाढले असेल, तर त्याच्या जमाखर्चातील तफावत चार हजार कॅलरींहूनही कमी, म्हणजे शेकडा अर्धासुद्धा नाही. या वर्षात तो लग्नाच्या पंगतींना बसलेला असतो, तापाने चार दिवस पडलेला असतो, आणि त्याच्या एकादश्या कशा असतात हे आपणांस ठाऊकच आहे! पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या वाण्यालाही जी अचूकता साधत नाही ती शरीराला कशी साधते? कुणीतरी वही ठेवत असले पाहिजे. गॉर्डन केनेडी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ साली असा तर्क मांडला की, मेदाचा साठा किती आहे याची खबर मेंदूला सतत मिळत असावी आणि त्या बेताने मेंदू भुकेचे नियमन करीत असावा. खबर कोण आणतो, हे मात्र त्याला सांगता आले नाही.

ते उलगडले उंदरांमुळे. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात मेन नावाचे राज्य आहे. तेथे समुद्रकाठच्या बार हार्बर या गावी जॅक्सन प्रयोगशाळा आहे. संशोधनासाठी उंदरांच्या शुद्ध जाती जोपासणे हे तिचे काम. तेथील नेहमीच्या उंदरांत काही विलक्षण लठ्ठ पिल्ले निपजली आणि १९५० साली त्यांची नोंद प्रसिद्ध झाली. ही पिल्ले अखंड खात आणि भावंडांच्या तिप्पट वजनाची होत. हा दोष आनुवंशिक होता. पुढे १९६६ साली त्याच प्रयोगशाळेतून दुसऱ्या एका लठ्ठ जातीची नोंद झाली. या उंदरांना लठ्ठपणाच्या जोडीला तीव्र मधुमेहही होता. बाहेरून पाहता दोन्ही जाती जुळ्यासारख्या. एकीत एक जनुक बिघडलेले, दुसरीत दुसरेच.

डग्लस कोलमन हे मूळचे कॅनडाचे जीवरसायनज्ञ. १९५८ मध्ये ते एखाद-दोन वर्षांसाठी म्हणून या प्रयोगशाळेत आले आणि सारी कारकीर्द तेथेच राहिले. त्यांनी एक प्रयोग केला, जो ऐकताना अंगावर काटा येतो, पण ज्याची तर्कशुद्धता पाहून मान तुकवावी लागते. दोन उंदरांची कातडी कुशीशी एकत्र शिवायची, म्हणजे काही दिवसांत एकाचे थोडे थोडे रक्त दुसऱ्याच्या अंगात खेळू लागते. रक्तातून जाणारा एखादा संदेश असेल तर तो एकाकडून दुसऱ्याकडे पोचणारच.

मधुमेही लठ्ठ उंदीर निरोगी उंदराला जोडला. अपेक्षा अशी की, निरोग्याला मधुमेह होईल. झाले भलतेच. निरोगी उंदराने खाणेच सोडले आणि तो उपासमारीने मेला; लठ्ठ उंदीर मात्र पूर्ववत खात राहिला. मग पहिल्या जातीचा लठ्ठ उंदीर निरोग्याला जोडला. या वेळी कुणी मेले नाही. उलट लठ्ठ उंदराचे खाणे कमी झाले आणि वजन आटोक्यात आले. शेवटी दोन्ही लठ्ठ जाती एकमेकींना जोडल्या, तेव्हा पहिल्या जातीचा उंदीर अन्न सोडून मेला आणि मधुमेही जात तशीच धष्टपुष्ट राहिली.

यावरून १९७३ पर्यंत कोलमन यांचा निष्कर्ष पक्का झाला होता. पोट भरल्याचे, साठा पुरेसा असल्याचे सांगणारा एक पदार्थ रक्तात असतो. पहिल्या जातीच्या उंदराला तो तयारच करता येत नाही. म्हणून बाहेरून मिळाला की तो सुधारतो. दुसऱ्या जातीत तो भरपूर, अगदी नको इतका तयार होतो, पण तो ऐकण्याचे कान तिला नाहीत. जोडलेल्या शेजाऱ्याला कान असल्यामुळे तो बिचारा ती हाकाटी ऐकून उपाशी मरतो. दोन बिघडलेल्या प्राण्यांवरून एका अदृश्य पदार्थाचे इतके नेमके अनुमान काढणे, हा आमच्या मते विसाव्या शतकातील जीवशास्त्राचा एक उत्कृष्ट युक्तिवाद आहे. त्या काळी पुष्कळांना तो पटला नाही. लठ्ठपणा म्हणजे खादाडपणा आणि खादाडपणा म्हणजे मनाचा दुबळेपणा, ही समजूत विद्वानांतही काही कमी नव्हती. आणि कोलमन यांना तो पदार्थ हाती धरून दाखविता आला नव्हता.

तो दाखविला न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९८६ पासून आठ वर्षे त्यांनी ते एक जनुक शोधण्यात घालविली आणि डिसेंबर १९९४ मध्ये ते प्रसिद्ध केले. या जनुकाच्या सांगण्यावरून घडणारे प्रथिन कोठे तयार होते? मेदपेशीत. ज्या बुधल्यांना मुके समजत होते त्यांच्यातूनच संदेश निघत होता. ग्रीक भाषेत ‘लेप्टॉस’ म्हणजे कृश. त्यावरून या संप्रेरकाचे नाव लेप्टिन ठेवले. १९९५ मध्ये ते टोचून पाहिले तेव्हा पहिल्या जातीचे उंदीर सडपातळ झाले, दुसऱ्या जातीवर काहीच परिणाम झाला नाही. वीस वर्षांपूर्वीचे भाकीत शब्दशः खरे ठरले. कोलमन आणि फ्रीडमन यांना २०१० साली लास्कर पारितोषिक विभागून मिळाले.

उंदरांचे ठीक, माणसांचे काय? उत्तर १९९७ मध्ये केंब्रिजहून आले. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका मूळच्या पाकिस्तानी कुटुंबातील दोन भावंडांची, म्हणजे चुलत-मावस अशा नात्यातल्या दोन मुलांची, तपासणी स्टीफन ओराहिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा, वजन २९ किलो. जन्मतः दोघांचीही वजने चारचौघांसारखीच होती. भूक मात्र तान्हेपणापासून न शमणारी. त्यांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हतेच. लहानसा बिघाड, एका जनुकात. आणि त्यापायी अन्नावाचून दुसरे काही न सुचणारे बालपण.

मुलीला लेप्टिनची रोज सुई देण्यास आरंभ झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि वजन ९४.४ किलो होते. तोपर्यंत तिचे वजन कधी उतरलेच नव्हते. वर्षभरात ते १६.४ किलोंनी घटले, आणि घटले ते जवळजवळ सर्वच मेदाच्या रूपाने. सदफ फारूकी, ओराहिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली हा वृत्तांत प्रसिद्ध केला. येथे क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. या मुलीला कुणी उपदेश केला नाही, ताट हिसकावून घेतले नाही, संयमाचे धडे दिले नाहीत. रक्तात एक पदार्थ घातला आणि इतर मुलांसारखे तिचेही पोट भरू लागले. आता आपल्या समारंभांत, आपल्या गणेशोत्सवातील नाटुकल्यांत लठ्ठ मुलाला हमखास विनोदाची भूमिका का मिळते, आणि त्याच्या आईकडे जमलेल्या बायका कोणत्या नजरेने पाहतात, ते आठवावे. असा जन्मजात दोष असणारी कुटुंबे जगात फारच थोडी आहेत, हे खरे. पण भूक ही केवळ इच्छेची बाब नसून तिला रक्तातून लगाम आहे, हे त्या थोड्यांनी सर्वांविषयी सिद्ध केले.

यानंतर लेप्टिन हे लठ्ठपणावरचे रामबाण औषध ठरणार अशी हवा उठली. एका अमेरिकन कंपनीने त्याच्या हक्कांसाठी दोन कोटी डॉलर मोजले. पदरी निराशा आली. १९९६ मध्येच दिसून आले होते की, बहुतेक स्थूल माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नसून उलट पुष्कळ असते. मेद जितका जास्त तितके ते जास्त. पुढे सामान्य स्थूल माणसांना ते टोचून पाहिले तेव्हा थोड्यांचा अपवाद सोडता फारसा उपयोग झाला नाही. आपल्यापैकी बहुतेक स्थूल माणसे बार हार्बरच्या दुसऱ्या जातीशी नाते सांगतात म्हणायची. संदेश जातो, मेंदू ऐकत नाही. रोज मोठ्याने बोलणाऱ्या माणसाकडे घरातले लोक हळूहळू दुर्लक्ष करू लागतात, तसा काहीसा हा प्रकार आहे.

मग निसर्गाने हा संदेश निर्माण केला तरी कशासाठी? आता बहुतेकांचे मत असे की, लेप्टिनचे मुख्य काम समृद्धीची वर्दी देणे हे नव्हे. त्याचे खरे काम दुष्काळाची वर्दी देणे हे आहे. साठा घटू लागला की लेप्टिन झपाट्याने उतरते आणि मेंदू काटकसर सुरू करतो : भूक वाढते, शरीराचा इतर खर्च कमी होतो, स्त्रियांची मासिक पाळीसुद्धा थांबू शकते, कारण दुष्काळात मूल वाढविणे परवडणारे नाही. लक्षावधी वर्षे माणसाला भीती होती ती उपासमारीची, लठ्ठपणाची नव्हे.

वजन उतरवून दाखविणाऱ्यांचे पुढे काय होते, हे यावरून उमगते. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे पन्नास स्थूल स्त्रीपुरुषांना दहा आठवडे अत्यंत मोजका आहार देऊन सरासरी साडेतेरा किलो वजन उतरविले. त्याचा वृत्तांत २०११ मध्ये आला. आहार संपल्यानंतर एका वर्षानेही त्यांचे लेप्टिन पूर्वीपेक्षा खाली होते, भूक चेतविणारे घ्रेलिन हे जठरातील संप्रेरक वर होते, आणि त्यांना भूकही अधिक लागत होती. म्हणजे वर्षभर त्यांचे शरीर दुष्काळ पडला आहे असेच समजत होते. उतरलेले वजन पुन्हा चढले म्हणून कुणाला ‘तुझा निश्चयच कच्चा’ असे सुनावण्यापूर्वी हे ध्यानात असावे. प्रयत्न करू नये असा याचा अर्थ नाही; वजन उतरविण्यापेक्षा ते उतरलेले राखणे कठीण असते आणि त्यासाठी अधिक मदत लागते, एवढाच आहे.

लेप्टिनने दार उघडले आणि मेदातून निघणाऱ्या इतर संदेशांकडे लक्ष गेले. त्यांची नामावली लांबलचक आहे. ती आपल्यापुढे वाचण्याचा आमचा विचार नाही. दोनच सांगतो. एक अ‍ॅडिपोनेक्टिन, १९९५ मध्ये सापडलेले. रक्तात ते लेप्टिनच्या हजारपटीने असते आणि इन्शुलिनचे काम सुकर करते. याची तऱ्हा उलटी : मेद वाढला की हे घटते. दुसरा संदेश १९९३ साली लठ्ठ उंदरांच्या मेदात आढळला; तो दाहाचा आहे, म्हणजे जखम झाली, जंतू शिरले की शरीर जी धावपळ करते तिचा. येथे जखमही नाही आणि जंतूही नाहीत. तरी फुगून ताणलेल्या मेदपेशींभोवती महाभक्षक पेशींची गर्दी जमते, हे २००३ मध्ये दिसून आले. मंद आचेवर काही सतत शिजत राहावे तसा हा दाह वर्षानुवर्षे चालतो आणि इन्शुलिनचे काम बिघडवितो. मधुमेह आणि हृदयविकार यांची वाट येथून जाते.

यात मेद कोठे आहे याला फार महत्त्व आहे. मांड्या-नितंबांवरील मेद बराचसा निरुपद्रवी. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साचलेला मेद मात्र आपला माल आणि आपले संदेश थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात सोडतो. आणि मेद मुळीच नसणे हेही भाग्याचे लक्षण नव्हे. काही थोडी माणसे जन्मतःच मेदपेशींवाचून येतात. दिसायला ती पिळदार असतात; पण चरबी साठविण्यास योग्य जागाच नसल्यामुळे ती यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसते, आणि त्यांना तीव्र मधुमेह जडतो. लेप्टिनची सुई औषध म्हणून खरी उपयोगी पडली ती याच माणसांना. अमेरिकेत २०१४ मध्ये त्यासाठी तिला मान्यता मिळाली. चरबीच्या अभावाचा रोग चरबीच्याच संप्रेरकाने आवरावा, हे विलक्षण नव्हे काय?

आता पुण्याकडे वळू. कारण या विषयातला एक मोलाचा धडा पुण्याने जगाला दिला आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्यापुढे प्रश्न होता तो असा : पाश्चात्त्य कोष्टकांनुसार मुळीच लठ्ठ नसलेल्या आपल्या माणसांना मधुमेह इतका का, आणि इतक्या लवकर का होतो? २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा जो निर्देशांक आहे तो दोघांचाही तंतोतंत २२.३. दोघेही सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात मेद शेकडा ९.१ आणि याज्ञिकांच्या शरीरात शेकडा २१.२! वजनकाटा दोघांना सारखे ठरवीत होता.

याचे मूळ त्यांना पाळण्यापर्यंत सापडले. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास सुरू झाला, त्यात जन्मलेल्या बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळे सरासरी २.७ किलोंची, तेथली साडेतीन किलोंची. हातपाय, पोट, स्नायू, सर्वच बाबतींत आपली बाळे लहान; पण पाठीवरच्या कातडीखालील मेद त्या मानाने बराच राखलेला. शेतात राबणाऱ्या, स्वतः कृश असलेल्या आयांची ही मुले. वरून रोड, आतून मेदुर, असा हा आपला देह जन्मतःच घडलेला असतो. पुढे शहर, नोकरी, बैठे काम आणि भरलेले ताट लाभले की पहिली वाढ होते ती पोटाच्या आत. नोकरीनिमित्त मुलूख सोडून परप्रांती स्थिरावलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना हे निराळे सांगावयास नको. आपण आपल्या भाकरी-आमटीत त्या त्या प्रांताची मिठाई आणि तूप मिळवीत गेलो, वजा काहीच केले नाही.

या कारणास्तव भारतीयांसाठी मापे निराळी ठरली आहेत. जो निर्देशांक पाश्चात्त्यांत २५ पर्यंत निर्धोक मानतात, तो भारतीय तज्ज्ञांच्या २००९ च्या निर्णयानुसार आपल्यासाठी २३ वरच थांबतो. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर यांच्या आत असावा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला आणि शंभरांत सुमारे चाळीस प्रौढ पोटाच्या लठ्ठपणाच्या वर्गात आले. यांत स्वतःला सडपातळ समजणारे किती असतील, याचा विचार करावा.

औषधांविषयी आम्हांस हल्ली वारंवार विचारतात, म्हणून दोन शब्द. २०२५ पासून आपल्या देशात वजन उतरविणाऱ्या ज्या नव्या सुया मिळू लागल्या आहेत, त्या मेदाच्या संदेशांची नक्कल करीत नाहीत. त्या जेवणानंतर आतड्यांतून निघणाऱ्या संदेशांची नक्कल करतात. त्यांनी वजन पुष्कळ उतरते. थांबविल्यावर त्यातले बरेचसे परत चढते, आणि ते का चढते हे वरील विवेचनावरून आपल्या ध्यानात येईल. त्या घ्यायच्या की नाहीत हे आपल्या डॉक्टरांनी ठरवावे, शेजाऱ्यांनी नव्हे.

घरी करण्याजोगी गोष्ट म्हणजे कंबर मोजणे. शिंप्याकडे असते तसली फीत पुरते. विजारीचा पट्टा जेथे बांधतो तेथे मोजू नये. सुटलेल्या पोटाखाली पट्टा सरकवून वीस वर्षे तेच माप सांगणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, सरळ उभे राहून, श्वास सहज सोडल्यावर, फीत न आवळता मोजावे. पोट आत ओढून घेऊ नये. घरातील सर्वांची मापे एका कागदावर तारीख घालून लिहून ठेवावीत, आणि त्यात वजनकाट्यावर ‘अगदी योग्य’ ठरलेल्यांना आवर्जून बसवावे.

प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवल्याचे कार्यवाहांनी सांगितले आहे. तेव्हा आम्ही येथेच थांबतो.